भाव कळला, बट्टा किती?

वडूज हे येरळेच्या काठचे गाव. खटाव तालुक्याची कचेरी इथे, त्यामुळे गावाला थोडा रुबाब आहे. पण पाऊस इतका हात आखडून पडणारा की, नुसत्या रुबाबावर संसार चालावयाचा नाही. म्हणून पिढ्यानपिढ्या इकडचा माणूस पोटामागे बाहेर पडत आला. खटाव, माण, खानापूर, आटपाडी ह्या टापूतले कितीतरी लोक सोन्याचांदीच्या गलाईत शिरले आणि मुशी नि भट्टी घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यांत जाऊन बसले. त्यांच्या मागून आलेल्या पिढीने विमान पकडले. आता आमच्या आळीत दुबई, मस्कत, अमेरिका ही नावे मायणी-पुसेसावळीइतक्याच सहजपणे घेतली जातात. पुसेगावी सेवागिरी महाराजांच्या यात्रेत रथाला नोटांच्या माळा चढतात. त्यांत एखादी परकी नोट दिसली तरी आता कोणी डोळे विस्फारीत नाही.

साहजिकच गावात एक नवे पंचांग वाचले जाऊ लागले आहे. मोबाइलच्या पडद्यावर एका चौकोनात आकडा घालावयाचा, दिरहॅम, रियाल की डॉलर ते निवडावयाचे, की दुसऱ्या चौकोनात आपोआप रुपये उमटतात. ना कागद, ना पेन्सिल, ना पावकी-निमकी! शिवाय हे सगळे फुकट. ज्या आजीला मिश्र व्यवहारी अपूर्णांक कधी कोणी शिकवले नाहीत, ती नातवाकडून दोन बोटांनी एवढा हिशेब करवून घेते, ही काही लहान गोष्ट नव्हे. ह्या सोयीची थोरवी मी मुळीच नाकारीत नाही. परंतु वाचकहो, ज्या पंचांगावरून आपण मुहूर्त काढतो, त्यात काय छापलेले आहे याइतकेच काय छापलेले नाही, हेही ठाऊक असलेले बरे.

आमच्याच आळीतली गोष्ट सांगतो. दोघे भाऊ. थोरला वडुजात शेती पाहतो, धाकटा दुबईत नोकरी करतो. आई आजारी, औषधपाण्याचा खर्च दरमहाचा. धाकट्याने फोन केला, “आण्णा, दोन हजार दिरहॅम टाकलं बघ.” आण्णाने लगोलग पडदा पाहिला. हिशेब सोपा पडावा म्हणून मी आकडे थोडे गोल करून सांगतो. दिरहॅमचा भाव २४ रुपये. म्हणजे ४८,००० रुपये. आण्णाने वहीत ४८,००० लिहिले, कोणाला किती द्यावयाचे त्याची यादी केली. दोन दिवसांनी खात्यावर जमा झाले ४६,८२७.

आता १,१७३ रुपयांची ही तूट कुणाच्या पदरात टाकावी? पहिल्या महिन्यात कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या महिन्यातही तसेच झाले. तिसऱ्या महिन्यात वहिनी म्हणाल्या, “भावजी सांगत्यात एक नि धाडत्यात एक.” तिकडे दुबईत धाकट्याच्या बायकोचे म्हणणे, “आपण पुरे पाठवतो, आणि तिकडे हिशेब कमी लागतो, ते कसं?” एकाच आईच्या औषधासाठी पाठवलेल्या पैशांवरून दोन घरांत धुसफूस सुरू झाली. अखेर आण्णा वही काखेत मारून माझ्याकडे आले.

“गुरुजी, ह्यो पडदा खोटं बोलतोय, का आमचा भाऊ?”

“दोघंही खरं बोलताहेत,” मी म्हटले, “पण पडदा अर्धंच बोलतो.”

हे उरलेले अर्धे काय, तेच आज सांगावयाचे आहे.

बाजारात ज्वारी विकायला नेली तर व्यापारी एक भाव देतो, आणि तीच ज्वारी त्याच्याकडून विकत घ्यायला गेलो तर दुसरा, चढा भाव सांगतो. मधले अंतर म्हणजे त्याचा धंदा. परकी चलनाचेही अगदी असेच आहे. घेण्याचा भाव निराळा, विकण्याचा निराळा. पडद्यावर दिसतो तो या दोहोंच्या मधोमधचा आकडा. मोठमोठ्या बँका आपसात कोट्यवधींचे व्यवहार करतात, त्या बाजाराचा तो मध्यभाव. तो खोटा नाही. पण तुम्हां-आम्हांला त्या भावाने कोणी दिरहॅम विकत नाही की आपल्याकडून घेत नाही. किंबहुना, अशा पानांवर कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते की, हा भाव केवळ माहितीसाठी आहे. पण बारीक अक्षर वाचावयाचे नसते, असा आपला राष्ट्रीय संकेतच आहे!

मी आण्णांच्या वहीचे मागले पान उघडले आणि धाकट्याला फोन लावून पावती वाचावयास सांगितली. दोन हजारांपैकी वीस दिरहॅम पैसे पाठवणाऱ्या पेढीने आपले शुल्क म्हणून कापून घेतले होते. उरले १,९८०. पेढीने भाव लावला होता २३ रुपये ६५ पैसे. गुणाकार केला: ४६,८२७. पै न् पै जुळली. भाऊ सचोटीचा, पडदाही खरा. १,१७३ रुपयांपैकी ४८० रुपये शुल्काचे, आणि ६९३ रुपये भावातल्या ३५ पैशांच्या फरकाचे. गंमत अशी की, शुल्क पावतीवर ठळक छापलेले होते. पण त्याहून मोठी रक्कम भावाच्या पोटात गुपचूप बसली होती. वर्षाकाठी ही तूट १४,०७६ रुपये होते. दुष्काळी टापूतल्या घराला ही रक्कम काही थोडीथोडकी नव्हे.

ह्या तुटीला आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे: बट्टा. आज आपण ‘नावाला बट्टा लागला’ एवढ्यापुरताच तो वापरतो. पण मूळचा तो सराफकट्ट्यावरचा शब्द. मराठेशाहीच्या अखेरच्या काळात आपल्या मुलखात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. प्रत्येकाचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा. ह्या गावचा रुपया त्या गावी न्यावा तर सराफ तो वाजवून, पारखून घेई आणि त्यावर बट्टा कापी. हा बदलून देण्याचा मोबदला म्हणजे वटाव किंवा वटणावळ. आणि दूरच्या पेठेवर हुंडी करून पैसा पाठवावयाचा तर हुंडणावळ. ज्याला आज आपण ‘विनिमयाचा दर’ असे भारदस्त नाव देतो, त्याला आपले आजोबा-पणजोबा हुंडणावळच म्हणत. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एका तोळ्याचा, एकाच कसाचा रुपया पाडला, तेव्हापासून हे सराफी जंगल हळूहळू कमी होऊ लागले. तरी मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का चालूच राहिला. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब तिकडच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असे. हैदराबाद १९४८ साली भारतात आले, त्यानंतरही काही वर्षे हे नाणे व्यवहारात होते.

त्या काळच्या सराफाची मी आरती करणार नाही. तोही काही संत नव्हता. पण त्याच्या पद्धतीत एक गोष्ट होती: भाव आणि बट्टा एकाच तोंडाने, एकाच बैठकीत ठरे. शेतकऱ्याला पटले तर तो रुपया द्यावयाचा, नाहीतर कमरेला परत खोचावयाचा. आमच्याकडचा चांगला गलाईवालाही मोड मुशीत टाकण्यापूर्वी वजन दाखवतो आणि लगड निघाल्यावर पुन्हा दाखवतो. तूट झाली तर ती तुमच्या डोळ्यांदेखत होते. आजच्या व्यवहारात मात्र भाव एकजण सांगतो आणि बट्टा दुसराच कापतो. भाव सांगणारा फुकट सांगतो, म्हणून तो आपल्याला सज्जन वाटतो. आणि बट्टा कापणारा समोर दिसत नाही, म्हणून संशय जातो तो सख्ख्या भावावर!

भाव बदलण्याच्या वेळी फट नेमकी कुठे पडते, याचा एक मासला आपल्या देशाने १ एप्रिल १९५७ रोजी पाहिला. त्या दिवसापासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. पण पाव पैशाचे नाणे कुठून आणावयाचे? म्हणून सरकारी कोष्टक निघाले: एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. आता पाहा, तीन आण्यांची वस्तू एकदम घेतली तर १९ पैसे पडणार. पण एकेक आण्याच्या तीन वस्तू निरनिराळ्या घेतल्या तर १८ च. एका पैशाचा फरक. पण तो कोणाच्या गल्ल्यात जाणार, हे कोष्टक वाचता येणाऱ्यालाच कळावयाचे. पुढे १ जून १९६४ पासून ‘नये’ हा शब्द गेला आणि नुसता पैसा उरला. छापील कोष्टकाच्या जागी आज चकचकीत पडदा आला आहे. वाचता येण्याची गरज मात्र तेवढीच राहिली आहे.

ह्याच मोबाइलवर आणखी एक मजकूर अधूनमधून फिरत येतो: ‘१९४७ साली एक रुपया बरोबर एक डॉलर होता, आणि आज पाहा काय गत झाली!’ हा मजकूर पाठवणाऱ्यांच्या देशप्रेमाविषयी मला शंका नाही. पण गणिताविषयी आहे. १९२७ च्या कायद्याने रुपयाची हुंडणावळ एक शिलिंग सहा पेन्स ठरवली गेली. म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा पौंड ४.०३ डॉलरचा होता. भागाकार करा, म्हणजे डॉलरला सुमारे ३ रुपये ३० पैसे निघतात. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाही उतरला आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर गेला. ६ जून १९६६ ला सरकारने अवमूल्यन केले, तेव्हा तो साडेसात रुपयांचा झाला. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत पुन्हा अवमूल्यन झाले, आणि १९९३ पासून भाव मुख्यतः बाजारावर सोडण्यात आला. ज्याला ही पाच-सहा सालांची साखळी ठाऊक आहे, त्याला कोणताही फिरता मजकूर सहसा फसवू शकत नाही.

ह्या साखळीतल्या १९६६ च्या कडीला दुबईही अडकलेली आहे. आज जिथे आण्णांचा भाऊ दिरहॅम मिळवतो, तिथे एके काळी आपलाच रुपया चाले. बहरीन, कतार, दुबई ह्या आखाती मुलखांसाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ साली मुद्दाम निराळ्या नोटा काढल्या. किंमत आपल्या रुपयाइतकीच. मात्र त्या भारतात चालत नसत. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये आपापले दिनार काढले. १९६६ च्या अवमूल्यनानंतर दुबईकडूनही रुपयाने रजा घेतली. आजचा दिरहॅम १९७३ पासूनचा. त्याआधी पंधरा वर्षे आमच्या आळीतला कोणी तिकडे गेला असता, तर त्याला कोष्टक लागले नसते की पडदा.

आता हुंडणावळीची गोष्ट निघालीच आहे, तर ज्या थोर पुरुषाने ह्या विषयावर आयुष्यातली उमेदीची वर्षे घालवली त्याची आठवण वडूजकराने तरी काढलीच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. रुपयाची हुंडणावळ किती असावी, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला नाही. ती खाली आणली तर कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा, हेही विचारले. रुपया स्वस्त झाला की भाव चढतात आणि मजुराची मजुरी मागे पडते, हा त्यांचा मुद्दा होता. रुपया बाहेर किती पेन्स आणतो यापेक्षा घरात किती जिन्नस आणतो, याला त्यांच्या लेखी अधिक मोल होते.

आणि ह्या ग्रंथकाराचा आमच्या तालुक्याशी संबंध आहे. १९०१ च्या सुमाराची गोष्ट त्यांनीच लिहून ठेवली आहे. त्यांचे वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर कॅशियर होते. सुट्टीत वडिलांना भेटावयास मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. पुढे बैलगाडीचा प्रवास. मुले महार आहेत असे कळताच एकही गाडीवाला त्यांना न्यावयास तयार होईना. शेवटी एकजण कबूल झाला, तो दुप्पट भाड्यावर. आणि गाडी मुलांनीच हाकावयाची, आपण बाजूने पायी चालू, ह्या अटीवर. रुपया तोच, सरकारी टांकसाळीतला. पण त्या मुलांच्या हातून दिला की त्याची किंमत निम्मी झाली. नाण्यावरचा बट्टा सराफ कापीत असे, माणसावरचा बट्टा आपल्या समाजाने कापला होता. पुढे त्याच मुलाने रुपयाची किंमत कोण ठरवतो, हे साऱ्या जगाला विचारले. भावाच्या आकड्यामागे कोण उभा आहे हे पाहावयाचे असते, हा धडा मला तरी ह्याहून स्पष्ट कुठे मिळालेला नाही.

असो. थोरांच्या गोष्टी ऐकून आपल्या वहीत काय उतरवावयाचे, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट. दिरहॅमचा भाव वरखाली होतो तो मुळात दिरहॅममुळे नव्हे. एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम, हे प्रमाण १९९७ पासून बांधलेले आहे. सौदी रियाल तर डॉलरला ३.७५ असा त्याही आधीपासून बांधलेला. म्हणजे हलतो तो आपला रुपया, डॉलरच्या मानाने. तेव्हा डॉलरचा भाव कळला की आखातातल्या ह्या दोन्ही नाण्यांचा कळला. शनिवार-रविवारी मोठा बाजार बंद असतो, त्यामुळे पडद्यावर बहुधा शुक्रवारचाच शिळा भाव दिसत राहतो. सोमवारी तो बदललेला दिसला तर कोणी लबाडी केली असे समजू नये.

दुसरी गोष्ट. आलेले परकी चलन आपल्याकडची बँक रुपयांत बदलून देते, तेव्हा ह्या सेवेवर जी.एस.टी. लागतो. एक लाखापर्यंतच्या रकमेवर शेकडा एक रुपया, किमान २५० रुपये, ही सेवेची किंमत धरतात आणि तिच्यावर १८ टक्के कर. म्हणजे कर किमान ४५ रुपये. रक्कम मोठी नाही. पण वहीत तिला जागा हवी.

तिसरी गोष्ट परदेशी मुलाकडे पाहुणे म्हणून जाणाऱ्या आईबापांसाठी. तिकडच्या दुकानात कार्ड पुढे केले की यंत्र कधी कधी मोठ्या अदबीने विचारते, ‘रुपयांत देणार की इथल्या चलनात?’ परमुलखात रुपयाचे नाव वाचून ऊर भरून येतो आणि बोट तिकडे वळते. वळू देऊ नका. तो रुपयाचा भाव त्या दुकानाच्या बाजूने लावलेला असतो आणि बट्टा त्यातच मुरवलेला असतो. तिथल्या चलनातच द्यावे. बहुतेक वेळा तेच स्वस्त पडते.

चौथी गोष्ट सगळ्यांत सोपी, आणि सगळ्यांत कामाची. ‘आज भाव काय?’ असे विचारू नका. ‘मी दोन हजार दिले तर घरी हातात किती रुपये पडतील?’ असे विचारा. एकाच दिवशी, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी विचारा. मग मिळणाऱ्या रुपयांना दिलेल्या दिरहॅमने भागा. ४६,८२७ भागिले २,०००, म्हणजे २३ रुपये ४१ पैसे. हा तुमचा खरा भाव. ‘आमच्याकडे शुल्क शून्य’ अशी पाटी पाहून हुरळण्याचे कारण नाही. शुल्क शून्य असले तर भाव पाहावा, आणि भाव चांगला असला तर शुल्क पाहावे. पडद्यावरचा मध्यभाव तेव्हा खरा उपयोगी पडतो. तो तुमचा भाव नव्हे. तुमच्या भावाला लावून पाहावयाचा तो गज आहे.

आण्णांना हे पटले. धाकट्याने दुसऱ्या दोन पेढ्यांत विचारपूस केली, आणि बट्टा निम्म्यावर आला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वहिनींनी फोनवर जावेला सांगितले, “अगं, पैसं कमी येत नव्हतं, वाटंत कापत हुतं.” एवढ्या एका वाक्यासाठी तीन महिने लागले होते. औषध पूर्वीचेच होते, पण आईला ते आता लागू पडू लागले, असे आण्णांचे म्हणणे. वैद्यकशास्त्रातले मला काही कळत नाही. पण घरातली धुसफूस थांबली की म्हाताऱ्या माणसाला अन्न गोड लागते, एवढे मात्र मी पाहिलेले आहे.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नव्या वहीची पूजा करतात. ज्यांच्या घरी परदेशाहून पैसा येतो, त्यांनी यंदा पहिल्या पानावर हळदकुंकू वाहून झाले की तीन रकाने आखावेत: पाठवले किती, बट्टा किती, हाती आले किती. पहिला रकाना पाठवणाऱ्याने सांगावा, तिसरा घेणाऱ्याने, आणि मधला दोघांनी मिळून भरावा.